मदत हवी आहे: टेलिहँडलरला जिब लावून माल उचलताना काय काय पाहायचं?

नमस्कार मंडळी. चाकणजवळ एका गोदामाच्या साईटवर सुपरवायझर आहे. लवकरच 17 मीटर बूमचा (लांबत जाणाऱ्या हाताचा) टेलिहँडलर, म्हणजे माल उंच उचलून देणारी मशीन, भाड्याने येतोय. ऑपरेटर पोरगा हुशार आहे, पण आजवर त्याने फक्त बॅकहो चालवलाय. त्याला केबिनमध्ये बसवण्याआधी मला सगळं नीट समजून घ्यायचंय.

लोड चार्ट वाचता येतो: बूमचा कोन आणि लांबी जुळवायची, त्या चौकटीतलं वजन बघायचं. 4 टनांची मशीन बूम पूर्ण पुढे काढली की टनभरही पेलत नाही, हे पोराला पटलंय. पण तो चार्ट फोर्क्सचा (मालाखाली घालायच्या काट्यांचा), आणि आम्हाला जिबला (बूमच्या टोकाला लावायचा हुकवाला जोड) लटकवून पर्लिनचे (छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) गठ्ठे वर द्यायचेत. मशीनवाल्याकडून जिबचा वेगळा चार्ट मागायलाच हवा ना? हुक, साखळी, बेल्ट यांचं वजन मालातच धरता का? वाऱ्याने गठ्ठा झुलतो, तेव्हा काम नेमकं कधी थांबवता?

शिवाय एका बाजूला नवा भराव आहे, पावसाने भुसभुशीत झालेला. तिथे आउटरिगरखाली (मशीनला आधार देणाऱ्या पायांखाली) केवढ्या प्लेटा टाकता, की मशीन तिकडे नेतच नाही?

ओव्हरलोडचा अलार्म बंद करून काम उरकणारे लोक पाहिलेत. माझ्या साईटवर ते चालणार नाही. मराठीत किंवा हिंदीत प्रशिक्षण कुठे मिळतं, तेही कृपया सांगा.