चोडणची खारफुटीतली वाट आईला झेपेल का?

पणजीला येतोय. चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य बघायचंय, पण आईचे गुडघे दुखतात. चालवेल का तिला?

रायबंदरकर: खुशाल न्या. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलात की अभयारण्य धक्क्याजवळच. वाट बांधीव, सपाट. शेवाळ असेल तिथे तेवढा हात धरा. जायचं मात्र ओहोटीला. भरतीत नुसतं पाणी दिसतं. ओहोटीला चिखलातून पेन्सिलींसारखी श्वासमुळं वर आलेली असतात, मध्ये निवट्यांच्या, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांच्या, उड्या. तिवराच्या, म्हणजे तिथल्या खारफुटीच्या झाडाच्या, पानावर बोट फिरवून चाखा, खारट लागेल. झाडच जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं.

डोंबिवलीकर: डासांचं मलम विसरू नका, फोडून काढतात!

प्रश्नकर्ता: आभार. आई अलिबागची. म्हणते, निवटे बघायचे कसले, कालवण करायचं!