मदत हवी आहे: 'वाळवी'सारखा मराठी सिनेमा सुचवा
मंडळी, सध्या घरी मराठी सिनेमे बघायचा सपाटा लावलाय. परेश मोकाशींचा 'वाळवी' (2023) फारच आवडला. खुनाचा बेत, त्यात काळा विनोद, मोजकी पात्रं आणि गोष्ट कुठे रेंगाळत नाही. अनिता दाते तर झकासच! त्याच वर्षीचा 'बाईपण भारी देवा' आईला मनापासून भावला. मलाही बहिणींची भांडणं खरी वाटली, पण उत्तरार्ध जरा लांबला. 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकरांवरून नजर हटत नाही, पटकथा मध्येच सैल पडते तरी.

आता रविवारी आई-बाबांसोबत बघायला 'वाळवी'सारखा घट्ट बांधलेला, शेवटाचा अंदाज न लागणारा सिनेमा कोणता? भयपट नको, बाबांना झेपत नाहीत. जुना असला तरी चालेल, फक्त ओटीटीवर कुठे मिळेल तेही सांगा.