घरून काम, खर्चाचा हिशेब आणि इन्कम टॅक्स: तुमचे अनुभव

घरून फ्रीलान्स काम करणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. भाडं, वीजबिल, वायफाय, लॅपटॉप, खुर्ची, सोसायटीचा मेंटेनन्स यातलं तुम्ही रिटर्नमध्ये काय दाखवता, किती दाखवता आणि तुमचे सीए काय म्हणतात?

मी पुण्यात भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहते, यंत्रांची मॅन्युअल्स लिहिते. एका सीएंनी सांगितलं, "४४एडीए लावा, विषय संपला." (४४एडीए म्हणजे यादीतल्या ठरावीक व्यवसायांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी अंदाजे उत्पन्न दाखवायची सोय.) दुसरे म्हणाले, "तुमचं काम त्या यादीत बसतंय का ते आधी बघू." दोघंही अनुभवी, दोघंही ठाम. म्हणून इथे विचारतेय. "असं करता येतं म्हणे" नको, स्वतः केलेलं लिहा. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातलेच वापरूया. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय आणि त्यात क्रमांक बदललेत, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच लागू.

सॉफ्टवेअर, कोथरूड

मी खर्चाच्या भानगडीत पडतच नाही. ४४एडीएमध्ये वर्षाच्या जमेतली निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. उरलेल्या निम्म्यात भाडं, वीज, चहा सगळं आलं. त्यावर वेगळा खर्च मागता येत नाही, लॅपटॉपचा घसारासुद्धा (वस्तू जुनी होते त्याची दरवर्षीची वजावट) नाही. माझा खरा खर्च निम्म्याच्या आसपासही जात नाही, मग वायफायची बिलं कशाला जपू?

जमा ५० लाखांपर्यंत असेल तर ही सोय. रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. २०२५-२६ चं गणित बघा. जमा २४ लाख, उत्पन्न १२ लाख, नव्या रिजीममध्ये (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ८७एची सूट (१२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाचा कर माफ) धरून कर शून्य. क्लायंटनी १९४जेखाली १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापले असतील तर ते २ लाख ४० हजार परत. फक्त बँकेचं व्याज विसरू नका, ते मिळवून १२ लाखांच्या वर गेलात की शून्य राहत नाही. थोडक्यासाठी वर गेलात तर मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे कर वरच्या रकमेपेक्षा जास्त लागत नाही. आणि जमा २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी, ती डोकेदुखी वेगळीच.

अनुवादक, नाशिक

आम्हाला हे सुख नाही. यादीत वकील, डॉक्टर, इंजिनीअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, आयटीवाले आणि सिनेमावाले आहेत. अनुवादक नावालाही नाही. आमचे सीए सावध गृहस्थ, ते आयटीआर-३ (धंद्याचा हिशेब दाखवायचा रिटर्नचा फॉर्म) भरतात आणि प्रत्यक्ष खर्च दाखवतात.

घर ६०० चौरस फूट, कामाची खोली १००. म्हणजे सहावा हिस्सा. भाडं १५,०००, त्यातले महिन्याला २,५०० माझ्या धंद्याच्या नावावर. विजेचाही सहावा हिस्सा. वायफायचा मात्र निम्मा, कारण संध्याकाळी त्यावर मुलांचं क्रिकेट चालतं आणि ते काही अनुवादाचं काम नव्हे.

खरी अडचण आकड्यात नव्हतीच. भाडेकरार यजमानांच्या नावावर, भाडं त्यांच्या खात्यातून जायचं, आणि जुन्या रिजीममध्ये ते पूर्ण भाड्यावर एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्याची करसूट) घ्यायचे. सीए म्हणाले, "ताई, एकच भाडं दोघांना कसं दाखवणार?" मग करार संपल्यावर नवा दोघांच्या नावाने केला. आता माझा हिस्सा माझ्या खात्यातून थेट घरमालकांना जातो आणि ह्यांनी आपला एचआरए तेवढा कमी करून घेतला. हे आधी घरात बोलून घ्या, नाहीतर ऐन जुलैत वाद होतात.

लॅपटॉपचंही सांगते. ७२,००० चा होता, डिसेंबरात घेतला. कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे २८,८०० ऐवजी १४,४०० मिळाले. बाकीचा घसारा पुढच्या वर्षांत मिळतो, बुडत नाही. खुर्ची-टेबलावर १० टक्के.

धागाकर्ती

खोली मोजली कशी?

अनुवादक, नाशिक

टेपने! कागदावर आराखडा काढला, मापं लिहिली, फाइलला लावला. अजून कोणी विचारलेला नाही.

फिल्म एडिटर, गोरेगाव

आमचा धंदा यादीत आहे, तरी एका वर्षी अडकलो. नवं मशीन, स्टोरेज, असिस्टंटचा पगार धरून नफा निम्म्याच्या खाली गेला. कमी नफा दाखवायला कायद्याची ना नाही, पण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशेबवह्या आणि टॅक्स ऑडिट दोन्ही लागतं. ऑडिटची फी आणि वाचणारा कर शेजारी-शेजारी मांडले आणि गपचूप निम्मा नफा दाखवला. खोलीचं भाडं, वीज वगैरे त्या गणितात चिल्लर होती.

अवांतर: साउंडप्रूफिंगवाला सगळे पैसे रोख मागत होता. एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. "जीपे घे" म्हटल्यावर त्याला लगेच अठरा टक्के जीएसटी आठवला.

आर्किटेक्ट, कोल्हापूर

स्वतःच्या घरात काम करणाऱ्यांनो, स्वतःला भाडं देता येत नाही. "बाजारभावाने इतकं भाडं झालं असतं" असा आकडा खर्चात टाकायची आयडिया मी मांडली, सीए नुसते हसले. दुरुस्ती, घरफाळा, विमा यांचा कामापुरता वाटा मात्र चालतो.

आमचं घर आईच्या नावावर आहे, त्यामुळे मी तिला खरंच भाडं देतो. करार, दर महिन्याला बँकेतून पैसे, आणि आईच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न. तिला त्यावर ३० टक्के वजावट मिळते. आकडा आजूबाजूच्या भाड्याशी जुळता ठेवला. नातेवाइकांना दिलेलं भाडं वाजवीपेक्षा जास्त वाटलं तर अधिकारी वरचा भाग नाकारू शकतात. आईला पैशांपेक्षा "माझा भाडेकरू" म्हणायची मजा जास्त.

कॉन्ट्रॅक्टर, रेडिंग (इंग्लंड)

इकडचं वाचून गंमत वाटेल. सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच धंदा करणारे) असाल आणि महिन्याला निदान २५ तास घरून काम करत असाल तर बिलं न जोडता ठरलेली रक्कम मिळते: २५ ते ५० तासांना १० पौंड, १०० पर्यंत १८, त्यापुढे २६. फोन-इंटरनेट त्यात धरलेलं नाही, त्याचा धंद्यापुरता खर्च वेगळा दाखवायचा.

माझी स्वतःची लिमिटेड कंपनी आहे. ती मला आठवड्याला ६ पौंड पावतीशिवाय, करमुक्त देऊ शकते. वर्षाचे ३१२. वरचे २६ पौंड बाराने गुणा, तेही ३१२! थंडीत गॅसचं बिल बघता ही रक्कम म्हणजे थट्टाच आहे, पण कागद जमवायचे नसतील तर घ्या. खोली फक्त धंद्यासाठी राखली तर पुढे घर विकताना त्या भागावरची कॅपिटल गेन्सची सवलत जाऊ शकते, म्हणून आमच्या ऑफिसात मुद्दाम मुलीचा पियानो ठेवलाय.

न्यू जर्सीकर

आमच्याकडे बरोब्बर उलटं! जागा नियमित आणि *फक्त* कामासाठीच हवी. सोप्या पद्धतीने चौरस फुटाला ५ डॉलर, ३०० चौरस फुटांपर्यंत. पण सासू-सासरे भारतातून आले की ऑफिसात सोफा-कम-बेड उघडतो, आणि खोलीचा दावा तिथेच संपतो. आता बेसमेंटचा कोपरा धरलाय. भिंत नसली तरी चालते, जागा वेगळी ओळखता आली म्हणजे झालं.

सीए, डोंबिवली

धागाकर्तीताई, तुमच्या कामात तांत्रिक सल्ला किती आणि नुसतं लेखन किती, यावर ते ठरेल. क्लायंटशी झालेल्या करारात कामाचं वर्णन काय आहे ते तुमच्या सीएंना दाखवा. भाड्यावर जुन्या रिजीममध्ये ८०जीजी (एचआरए न मिळणाऱ्यांसाठी भाड्याची वजावट) आहे, महिना जास्तीत जास्त ५,०००. पण धंद्यात दाखवलेला हिस्सा त्यात पुन्हा मोजू नका. नव्या रिजीममध्ये ८०सी, ८०जीजी गेलं तरी धंद्याचा खर्च जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि महाराष्ट्रात असाल तर वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर भरताय ना? तोही खर्चातच धरायचा.

वकील, ठाणे

घरून काम करतो म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला "कमर्शियल मीटर घ्या" असा सल्ला दिला होता. महावितरणच्या दरपत्रकात वकील, डॉक्टर, सीए राहत्या घरातून काम करत असतील तर घरगुती दरच आहे. तेवढं पान छापून दिलं. आता तेच विचारतात, "व्यवसाय कर कुठे भरायचा हो?" त्यांची सूनबाई घरातून क्लास घेते.