झेड८० काय वाचतोय ते बघायचंय: लॉजिक अ‍ॅनालायझर आणि डिसअसेम्ब्लर सुचवा

ब्रेडबोर्डवाला:
मंडळी, झेड८० या ८ बिटच्या प्रोसेसरवर (सीमॉस प्रकार, झेड८४सी००) छोटा संगणक उभा केलाय. प्रोग्रॅमसाठी २८सी२५६ ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर राखणारी मेमरी), ३२ केबी रॅम, ४ मेगाहर्ट्झ क्लॉक. रीसेटनंतर सुरुवात नीट होते, पण पहिल्या सबरूटीनमधून परतताना प्रोग्रॅम भरकटतो. ऑसिलोस्कोपला दोनच चॅनल, त्यावरून काही उलगडत नाही. ८ चॅनलचा स्वस्त यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर (अनेक तारांवरचे ०-१ एकदम टिपणारं यंत्र) पुरेल का? सॉफ्टवेअर कोणतं?

बसवाचक:
८ पुरणार नाहीत. डेटाच्याच ८ तारा, वर एमवन (इन्स्ट्रक्शनचा ऑपकोड वाचतोय ही खूण), आरडी (वाचन) आणि डब्ल्यूआर (लेखन), म्हणजे ११ झाल्या. १६ चॅनलचाच घ्या. सोबत पल्सव्ह्यू वापरा, फुकट आहे. त्यात झेड८० चा डिकोडर (बाइटवरून इन्स्ट्रक्शन दाखवणारा, म्हणजे डिसअसेम्ब्लरच) आहे आणि त्याला या ११ तारा पुरतात. उरलेल्यांतली एक रॅमच्या चिप सिलेक्टला (हा पिन खाली, म्हणजे ० वर, आला की रॅम निवडली जाते) नक्की लावा.

क्लॉक आधी १ मेगाहर्ट्झवर आणा. सीमॉस झेड८० कितीही हळू चालतो. स्वस्त अ‍ॅनालायझर १६ चॅनलना बहुधा सेकंदाला १.२ कोटी सॅम्पलच घेतात, म्हणजे ४ मेगाहर्ट्झला एका क्लॉकमागे जेमतेम ३. एवढ्यात डिकोडर चुकीचे बाइट वाचू शकतो.

मग असेम्ब्लरची लिस्टिंग फाइल (पत्ता, बाइट आणि कोड ओळीने दाखवणारी) शेजारी उघडून ओळीला ओळ लावा. तुमच्या लक्षणांवरून मी थेट स्टॅककडे (रॅममधली परतीचे पत्ते ठेवायची जागा) बघेन. समजा ००१० ला कॉल (सबरूटीनला जाणारी ३ बाइटची इन्स्ट्रक्शन) आहे, म्हणजे परतीचा पत्ता ००१३ (पत्ते हेक्समध्ये). तर ०० आणि १३ असे दोन बाइट लिहिलेले दिसतील. रेटच्या (परत फिरणारी इन्स्ट्रक्शन) वेळी तेच उलट क्रमाने, १३ आणि ००, वाचले जायला हवेत. ते बरोबर आले आणि तरी पुढे घोळ झाला, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधा. एफएफ एफएफ आले तर रॅम उत्तरच देत नाहीये. अशा वेळी चिप सिलेक्ट खाली येतोय का बघा. येत असेल तर रॅमचा ओई (आउटपुट चालू करणारा) पिन आरडीला जोडलाय का ते तपासा.

डेटा बसला १० किलोओहमचे पुल-अप (मोकळी तार १ वर ओढणारे रेझिस्टर) लावाच. मग कोणीच उत्तर देत नसेल तेव्हा एफएफ दिसेल, आणि झेड८० साठी एफएफ म्हणजे आरएसटी ३८, म्हणजेच ००३८ ला कॉल. ईईप्रॉममध्ये ००३८ ला काही लिहिलेलं नसेल तर तिथेही एफएफच, म्हणून तो तिथेच फिरत राहतो आणि दर वेळी स्टॅकवर ००३९ ढकलतो. ट्रेसमध्ये या रांगा दिसल्या की मागे सरकत पहिल्या आरएसटीपर्यंत जा. त्याच्या आधीची इन्स्ट्रक्शन महत्त्वाची.

सोल्डरगन:
वरच्याशी पूर्ण सहमत. रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर चालणारे २४ चॅनलचे अ‍ॅनालायझरही छान आहेत, पण पिकोचे पिन ३.३ व्होल्टचे. ५ व्होल्टची बस सरळ जोडू नका, मध्ये ३.३ व्होल्टवर चालवलेले ७४एलव्हीसी२४५ (बफर चिप) घाला.

पॉलीचा_विद्यार्थी:
आमच्या लॅबमध्ये ८०८५ (इंटेलचा ८ बिटचा प्रोसेसर) चे किट आहेत. त्यावर जमेल?

बसवाचक:
जमेल. तिथे एमवन नाही. आयओ/एम (मेमरी की आयओ ते सांगणारी तार) खाली आणि एसझिरो, एसवन (कोणतं काम चाललंय ते सांगणाऱ्या तारा) दोन्ही वर असले की ऑपकोड फेच, म्हणजे ऑपकोडचं वाचन. अ‍ॅड्रेसचा खालचा बाइट डेटाच्याच तारांवर येतो, तो एएलई (बसवर पत्ता आहे ही खूण) खाली येताना टिपा. आरडी, डब्ल्यूआर धरून १४ तारा होतात, १६ चॅनलमध्ये आरामात बसतात.