माळ्यावरचा एकहाती ही-मॅन, आणि तुमच्याकडचे सुपरहिरो : अनुभव लिहा

माळ्यावरचा :
दिवाळीची आवराआवर. काल माळ्यावर चढलो होतो, बायको खाली शिडी धरून "पितळी डबे काढा, बाकी काही उचकू नका" म्हणत होती. अर्थातच बाकीचंच उचकलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा लहानपणचा प्लास्टिकचा ही-मॅन निघाला! उजवा हात नाही, तलवार नाही, पाय आतल्या सैल रबरावर लोंबकळतायत. छाती मात्र होती तशीच फुगवलेली.

दूरदर्शनवर ही-मॅनचं कार्टून लागायचं त्या काळातला हा. चौथीत पहिल्या पाचांत आलो म्हणून आत्याने दिलेला. कंबर पिळून सोडली की आतल्या स्प्रिंगने फटकन जागेवर यायची आणि त्या झोकात समोरच्याला ठोसा बसायचा. समोरचा म्हणजे धाकटा भाऊ.

आणि योगायोग बघा, संध्याकाळी लेकाचं पार्सल आलं. सहा इंची स्पायडरमॅन. आठ महिन्यांच्या पॉकेटमनीतला. पठ्ठ्याने (वय १३) जेवायच्या टेबलावर पांढरा कार्डशीट लावला, टेबललॅम्प वाकवला, मोबाईल डाळीच्या बरणीला टेकवला आणि रिव्ह्यू सुरू. मी शेजारी लसूण सोलतोय. खांदा छातीच्या आत-बाहेर सरकतो, त्याला म्हणे बटरफ्लाय जॉइंट. कोपर आणि गुडघे दुहेरी, त्यामुळे मूठ थेट खांद्याला टेकते. आमच्या ही-मॅनचं कोपर वाकायचंच नाही, जन्मभर दोन बादल्या घेऊन नळावरून आल्यासारखा उभा.

मग चुका. डाव्या मांडीवर जाळ्याच्या काळ्या रेषा केसभर सरकल्यात, एक गुण कापला. उजवा घोटा ढिला, एका पायावर उभा केला की पाच-सहा सेकंदांत आडवा, दीड गुण कापला. पंजांच्या जादा जोड्या आल्यात. एक मुठींची, एक जाळं फेकणारी (मधली दोन बोटं मुडपलेली), एक भिंतीला चिकटायची. पंजा खुंटीसारखा मनगटात खुपसायचा. खुपसताना एक उडाला तो फ्रीजखाली. शूटिंग वीस मिनिटं बंद. केरसुणीने काढला तेव्हा बरोबर मागच्या दिवाळीतली करंजीची कडा पण आली.

शेवटी त्याने माझा ही-मॅन उचलला, उलटापालटा केला. "मान, दोन खांदे, कंबर, दोन मांड्या. सहा सांधे, त्यातला एक गायब. दहापैकी साडेचार."

झोप नाही आली हो नीट. तर लिहा तुमचेही. परखड लिहा.

दुधीभोपळा :
दोन बादल्या!! हसून हसून पुरेवाट. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाचलं, निस्तरतोय.
माझ्याकडे स्केलेटॉर होता, ही-मॅनचा कवटीतोंड्या शत्रू. दुकानात तोच एक उरला होता म्हणून. त्यामुळे वाड्यात मी कायम हरायचो, कथेतच तसं होतं ना. दहावीपर्यंत हरलो.

टीपकागद :
मी जी.आय. जोवाला. सुपरहिरो नाहीत, सैनिक आहेत, चालवून घ्या. 'अॅक्शन फिगर' हा शब्दच १९६४ मध्ये जी.आय. जो साठी काढला गेला, कारण बाहुली म्हटलं तर मुलगे घेणार नाहीत ही धास्ती. तेव्हाचा जवळजवळ फूटभर उंच होता. आपल्याकडे फनस्कूल कंपनीने आणले ते पावणेचार इंची.
त्यांच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते, धड आणि पाय तिच्यावर तोललेले. माझ्याकडच्याची रिंग तुटली आणि सैनिकाचे दोन तुकडे. मी जेवलो नाही. बाबांनी पाठीवरचा एकुलता स्क्रू काढला, नळाच्या डब्यातलं वायसर आत बसवलं. तेव्हापासून तो कमरेत ताठ, पट्टा लावलेल्या पेशंटसारखा. अजून आहे.
ही-मॅनचं पण तेच, पाय आत रबराने आकड्यांना अडकवलेले असतात. केसांचा बारीक रबर घ्या आणि चिमट्याने ओढून अडकवा. हातासाठी पुण्यातला जुना बाजार, रविवार किंवा बुधवार, सकाळी लवकर.

माळ्यावरचा :
@टीपकागद बायकोचा केसांचा रबर? दिवाळीच्या तोंडावर?

कसब्याची :
आमचा सुपरमॅन किल्ल्यावर असायचा. कुंभारवाड्यातून मावळे आणायचो, मातीचे, त्यात दरवर्षी एकाची तरी ढाल रिक्षातच तुटायची. भावाने एकदा बुरुजावर तोफेशेजारी सुपरमॅन उभा केला. आजोबा काठी टेकत आले. "हा कोण? आणि चड्डी वरून का?" भाऊ म्हणाला, विजापूरचा सरदार, फितूर होऊन आपल्याकडे आलाय. आजोबांनी बराच विचार केला. "मग त्याला बालेकिल्ल्यात घेऊ नका एवढ्यात. पायथ्याला ठेवा, भरवसा बसू दे."
पुढची सहा वर्षं तो पायथ्याच्या गुहेत, वाघाशेजारी. चारी बाजूंनी अळीव उगवलेलं. त्याच्या लाल केपच्या घड्यांत गेरू बसलाय तो अजून निघत नाही. रिव्ह्यू : केप आठ, निष्ठा दहा.

खिडकीतून :
@कसब्याची आजोबा _/\_
आमच्याकडे यंदा स्पायडरमॅन तटाला चिकटवलाय. शेजारच्या काकांचा आक्षेप आहे की मग घोरपड बेरोजगार होईल.

चहाबाज :
अवांतर : तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा निळा, गोल होता का? जगातल्या सगळ्या निळ्या डब्यांत सुई-दोरा असतो अशी माझी समजूत होती.

माळ्यावरचा :
@चहाबाज निळाच. सुई-दोरा पण होता. बोटात गेली.

सहज_सुचलं :
लिहू की नको करत होते. हातातली वस्तू, आयर्नमॅन, लाल-सोनेरी, नवऱ्याचा जीव. मी माहेरी गेलेले, सासूबाई घरी. देवाची तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली त्यात हा पण गेला, "काळपट पडला होता गं." चिंच-मीठ आधी, नंतर भांड्यांची पावडर. छातीवरचं सोनेरी पार गेलं, खालचं करडं प्लास्टिक दिसायला लागलं. नवरा अर्धा तास गॅलरीत उभा होता. आता आम्ही त्याला स्टेनलेसमॅन म्हणतो. सासूबाईंचं मत, आता कसा लख्ख दिसतो.
रिव्ह्यू देत नाही, घरात राहायचंय.

दुधीभोपळा :
चिंच-मीठ!!! मेलो.

टीपकागद :
@सहज_सुचलं सहानुभूती. पण सगळ्यांनाच सांगतो, धुवायचाच असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि जुना मऊ ब्रश, बास. बंद कपाटात राहून अंग चिकट झालं असेल तरी हेच. मऊ प्लास्टिक मऊ राहावं म्हणून आत जे तेलकट घालतात ते हळूहळू बाहेर येतं, बुरशी नाही ती. उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. सांधा अडकला तर जोर नको, गरम पाण्यात मिनिटभर धरा आणि मग वळवा. मी जोर केला होता. अंगठा गेला.

रविवारपेठ :
वीस वर्षं खेळण्यांचं दुकान चालवलं, आता भाच्याकडे दिलंय. लोक विचारतात एवढे महाग का झाले. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ ला ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायचं, मी कोणावर ओरडू?
डुप्लिकेट ओळखायचा तर आधी डोळे बघा. अस्सल मालात बुबुळं छापलेली, दोन्ही एका रेषेत. नकली मालातला बॅटमॅन तिरळा असतो. मग वास घ्या, खोकं उघडल्याबरोबर रॉकेलसारखा भपकारा आला तर परत द्या. अंगावर कुठेतरी कंपनीचा ठसा आणि साल बारीक अक्षरांत असतं, नकलीत तो पुसट नाहीतर नाहीच.
तिरळा बॅटमॅन मी एकदा फसून घेतला होता. नातवाचा सगळ्यात लाडका तोच. "हा दोन्हीकडे बघतो आजोबा."

चहाबाज :
भाजणी भाजताना धणे कोणी किती घालतं? चुकीचा धागा आहे माहितीये पण सगळे इथेच आहेत.

कसब्याची :
@चहाबाज किलोला वाटीभर. जिरं कमी. आणि गॅस बारीक!

कोपऱ्यातली_खोली :
लेक दोन वर्षं जर्मनीला आहे. त्याच्या खोलीत अशाच सुपरहिरोंची अकरा खोकी, एकही न उघडलेलं. "आई, उघडलं की किंमत जाते" असं बजावून गेला. मी बुधवारी फक्त वरून पुसते.
गेल्या महिन्यात बरं नव्हतं, घरी एकटीच होते. एक उघडलं. आत सुपरहिरोचे हातपाय पांढऱ्या तारांनी पुठ्ठ्याला पीळ देऊन बांधलेले, भाजीच्या जुडीसारखे. चष्मा लावून एकेक पीळ सोडवायला पाऊण तास गेला. फ्लॅश म्हणतात त्याला, लाल, पळण्याच्या पवित्र्यात उभा राहतो. फोनशेजारी ठेवला.
रविवारी व्हिडिओ कॉलवर तो मागे दिसला आणि माझ्या लक्षातच नाही. लेक थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, आई, डावा हात थोडा वर कर त्याचा, पळताना तसा नसतो.
केला वर.

सहज_सुचलं :
@कोपऱ्यातली_खोली ताई, तब्येत कशी आहे आता?

कोपऱ्यातली_खोली :
बरी आहे गं. दुसरं खोकं खुणावतंय.

माळ्यावरचा :
अपडेट. रबर बसला, पाय घट्ट. जुन्या बाजारात हात मिळाला नाही, पण एक तलवार मिळाली, भलत्याच कोणाची तरी आहे, डाव्या हातात बसते. लेकाने पुन्हा हाताळून साडेपाच केले, वर "दुरुस्तीचा अर्धा गुण बाबांचा."
केसांचा काळा रबर कुठे गेला म्हणून घरात चौकशी चालू आहे. मी जरा वेळ ऑनलाइन नाही.