‘कनेक्शन’ला मराठीत काय म्हणायचं?

धुळे : आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा परदेशी लघुपट दाखवतो. या खेपेचा विषय : एकटी पडलेली माणसं दुसऱ्या माणसापर्यंत कशी पोचतात. पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, ‘मानवी कनेक्शनच्या शोधातले आंतरराष्ट्रीय लघुपट’. फळ्यावर लावलं तर शेजारच्या आबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि विचारलं, “कोले भेटनं रे कनेक्शन?” (कोणाला मिळालं?) पंपाच्या विजेसाठी पैसे भरून ते कधीचे वाट बघताहेत. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे कनेक्शन म्हणजे मोटारीचं, नाहीतर नळाचं. ‘संपर्क’ लिहावं तर खाली मोबाईल नंबर हवा असं वाटतं. ‘संबंध’ म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं खाकरतात. सुचवा काहीतरी.

जळगाव : ‘ऋणानुबंध’ आहे की. एवढा मोठा शब्द असताना अडता कशाला?

धुळे : ताई, मोठा आहे म्हणूनच अडचण. ऋणानुबंधात मागच्या जन्माचं देणं गृहीत असतं. या लघुपटांतली माणसं याच जन्मी, तीही पाच मिनिटांपूर्वी भेटलेली असतात. ऑस्करच्या नियमात लघुपटाला श्रेयनामावलीसकट ४० मिनिटं मिळतात. तेवढ्यात मागचा जन्म कुठे बसवणार?

शिरपूर : ‘लागेबांधे’ कोणालाच कसा सुचला नाही? लाग आणि बांध. मला तर नेमका वाटतो.

जळगाव : शब्द सोन्यासारखा होता, पण वर्तमानपत्रांनी नासवला. आता लागेबांधे फक्त वाळूमाफियांचे असतात.

अमळनेर : ‘जिव्हाळा’ घ्या. नखाखालच्या नाजूक मांसाला आपण जिव्हाळी म्हणतो. नख फार खोल कापलं की कळ डोक्यात जाते, ती जागा. दोन्ही शब्दांच्या पोटात जीव आहे. फक्त एक खोट आहे : जिव्हाळा आधीपासून असावा लागतो. ‘जिव्हाळ्याच्या शोधात’ म्हटलं की शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटिका वाटते.

शिरपूर : मग ‘सूत जुळणं’? कपाशीचा मुलूख आपला, सूत आपल्याला कळतं. अनोळखी माणसांचंही जुळतं, पटकनही जुळतं. आणि लघुपटातला पट म्हणजे तरी मुळात कापडच.

नंदुरबार : सूत जुळलं म्हटलं की आमच्याकडे लग्नाची तारीख विचारतात. माझी आजी सरळ म्हणायची, “त्यासनं नि आमनं येनं-जानं शे.” संपला विषय. भाऊबंदकी असली तरी येणं-जाणं नसतं, आणि चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या परक्याकडे असतं. माणूस माणसाला धरून आहे, याची खरी खूण तीच.

धुळे : हा आवडला. बघा ना, सुचवलेल्यांत जे बरे निघाले ते सगळे क्रियेचे आहेत. सूत जुळतं, जीव लागतो, येणं-जाणं असतं. नाम करायला गेलं की शब्द एकतर सोयरिकीत जातो, नाहीतर सरकारी कचेरीत. तेव्हा पत्रकातून ‘कनेक्शन’ काढतो आणि लिहितो, ‘माणसाला माणूस लागतो : परदेशी लघुपट’. पण खरी पंचाईत पुढे आहे. ‘द सायलेंट चाइल्ड’ या २०१८ साली ऑस्कर मिळालेल्या ब्रिटिश लघुपटाच्या, पडद्यावर खाली दिसणाऱ्या मराठी ओळी मला लिहायच्या आहेत. चार वर्षांची मुलगी, ऐकू येत नाही. घरातले सगळे ऐकणारे, आपापल्या गडबडीत. एक बाई येऊन तिला खुणांची भाषा शिकवतात आणि पोर उमलायला लागते. आईला मात्र ते नको असतं, तिला ओठ वाचायला शिकवायला हवं असतं. शेवटी मुलगी शाळेच्या कुंपणापलीकडून बाईंना हातांनी सांगते... काय लिहू? ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’?

जळगाव : चार वर्षांचं पोर? हे तर नाटकातला नायकसुद्धा आता म्हणत नाही.

अमळनेर : ‘तुम्ही मला आवडता’. बाईंना पोरं असंच म्हणतात.

नंदुरबार : पण ‘तुम्ही’ आला की हातभर अंतर पडतं. खुणेत कुठे ‘तू’ आणि ‘तुम्ही’? बोट समोर केलं की झालं. मी अहिराणीत लिहिलं असतं, “माले तू आवडस.” आमच्याकडे आईला, आजीला, देवाला सगळ्यांना तूच.

जळगाव : आणि लघुपटाच्या नावाचं काय करणार? ‘मुकी’ लिहू नका, ती मुकी नाही. ‘अबोल’ही नको, तिला बोलायचंय.

धुळे : नाव तसंच ठेवतोय. कुंपणाच्या ओळीचं म्हणाल, तर काल घरी बायकोला तेवढाच तुकडा आवाज बंद करून, ओळीशिवाय दाखवला. तिने भाजी निवडता निवडता हात थांबवला आणि म्हणाली, “बाईले काय सांगी ऱ्हायनी ते समजनं.” ती जागा कोरी सोडतो आहे. ज्यांना ‘तू’ हवा त्यांनी ‘तू’ वाचावा. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला या, खुर्च्या कमी आहेत, सतरंजी आहे.