खाडीतल्या जेटीला झिंकचा अॅनोड लावू की अॅल्युमिनियमचा?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मालवणजवळच्या एका खाडीत तरंगती जेटी होतेय, तिच्या एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपच्या फ्रेमचं काम आमच्याकडे आलंय. आजवर ग्रिल, शेड, टाक्या केल्या; खाऱ्या पाण्याशी गाठ पहिल्यांदाच. रंगासोबत अॅनोडही लावून द्या, अशी पार्टीची अट आहे.

तत्त्व कळलंय: स्वतः झिजून लोखंडाला वाचवणारा धातू, म्हणजे अॅनोड, जोडायचा. हिशेबही मांडला. पाण्याखाली 12 चौरस मीटर. गंज थोपवायला उघड्या पोलादाला चौरस मीटरमागे 100 मिलिअँपिअर करंट धरला तर 1.2 अँपिअर, म्हणजे वर्षाला सुमारे 10,500 अँपिअर-तास. झिंक किलोमागे 780 अँपिअर-तास देतं, अॅल्युमिनियमचा मिश्रधातू 2,500च्या आसपास. म्हणजे वर्षाला झिंक साडेतेरा किलो, नाहीतर अॅल्युमिनियम सव्वाचार. इपॉक्सी रंग नीट बसला तर बरंच कमी लागेल, पण उतरवताना ओरखडे पडणारच.

अडलंय ते पावसाळ्यावर. तेव्हा खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, मग झिंक काम करेल का? अॅनोडची पट्टी फ्रेमला वेल्ड करू की बोल्टने बसवू? आमचे फिटर काका तर म्हणतात, भंगारातली अॅल्युमिनियमची पातेली वितळवून ओतू. मला पटत नाही, पण त्यांना कारण द्यावं लागेल ना! शिवाय पाण्यात फ्रेमचा व्होल्टेज तपासायला लागतो तो सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड पुण्यात कुठे मिळेल? पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून आलो, मल्टीमीटर हवे तेवढे, याचं नाव काढलं की सगळे बघतच राहतात.

प्रतिसाद:

काकांना सांगा, साध्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो आणि ते ढिम्म बसतं. तो थर टिकू नये म्हणून अॅनोडच्या मिश्रधातूत झिंक आणि चिमूटभर इंडियम असतं. तुम्ही तोच घ्या. गोडसर पाण्यात झिंकवर पुटं चढून ते मंदावतं. मॅग्नेशियमच्या नादी लागू नका, खाऱ्या पाण्यात भराभर संपेल.

पट्टी वेल्डच करा. बोल्टखाली गंज शिरला की संपर्क गेला. अॅनोडवर रंग नको, पेंटर हमखास ब्रश फिरवतो. नांगराची साखळी फ्रेमला टेकत असेल तर तीही करंट खाणार, तिचं क्षेत्रफळ धरलंय का? पाण्याच्या रेषेवरच्या, शिंतोडे उडणाऱ्या पट्ट्याला अॅनोडचा उपयोग नाही, तिथे रंग जाड द्या.

इलेक्ट्रोडसाठी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. त्याच्या तुलनेत फ्रेम उणे 0.80 व्होल्ट किंवा त्याहून खाली दिसली पाहिजे. पहिलं रीडिंग भर पावसाळ्यात घ्या आणि इथे टाका.